किल्लीविना कुलूप?

पालमसारख्या तालुक्याच्या गावी शाळेत संगणक आले, की पहिला प्रश्न येतो तो खोलीच्या कुलपाचा. बाजारात आता ब्लूटूथवर चालणारी कुलपे मिळतात. 'किल्ली सांभाळायला नको' असे त्यांचे वर्णन केले जाते. हे वर्णन फसवे आहे. किल्ली असतेच, ती पितळेची नसून आकड्यांची असते, एवढेच.

आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपे बनवायला सुरुवात केली. तसले एखादे कुलूप खोलून त्याची रचना कोणालाही पाहता येते. पण रचना कळली म्हणून दुसऱ्याचे कुलूप उघडत नाही. त्या किल्लीचे नेमके दाते लागतात. ऑग्युस्त केरकॉफ्स यांनी १८८३ मध्ये लष्करी सांकेतिक लेखनासाठी हेच तत्त्व मांडले : पद्धत शत्रूला कळली तरी चालावे, गुप्त राहावी ती फक्त किल्ली.

या कसोटीवर दोन कुलपे पाहू. पहिले 'टॅपलॉक'. हे कुलूप ब्लूटूथवरून स्वतःचा पत्ता सतत प्रसारित करी, आणि ते उघडणारी गुप्त संख्या त्याच पत्त्यावरून काढलेली होती. २०१८ मध्ये ब्रिटनमधील तपासनिसांनी ते दोन सेकंदांच्या आत उघडून दाखवले. जणू किल्लीचे चित्र दारावरच रंगवलेले! पुढे कंपनीने दुरुस्ती दिली. पण 'अभेद्य' या दाव्याबद्दल २०२० मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिच्यावर ठपका ठेवला.

दुसरे ऑस्ट्रियाचे 'नुकी'. या कंपनीने कुलपाशी संवाद साधण्याची पद्धत जाहीरपणे छापली आहे. त्यामुळे ब्लूटूथ असलेल्या साध्या संगणकावरूनही, स्वतः आज्ञावली लिहून, ते चालवता येते. आधी कुलपावरचे बटण दाबून संगणकाची ओळख करून द्यावी लागते. तेव्हा दोघांची सामाईक गुप्त किल्ली ठरते. पुढे उघडण्याआधी प्रत्येक वेळी कुलूप एक नवी यादृच्छिक संख्या पाठवते. संगणक तिच्यासह आपली आज्ञा गुप्त किल्लीने सांकेतिक करून परत पाठवतो. कोणी हा संवाद चोरून टिपला, तरी उद्या संख्या बदललेली असते. जुने उत्तर निरुपयोगी ठरते.

पद्धत छापली म्हणजे चोराला वाट दाखवली, असा आक्षेप घेतला जातो. टॅपलॉकची पद्धत छापलेली नव्हती. तिने कोणाला रोखले? उलट जाहीर पद्धतीतले दोष इतरांनाही शोधता येतात. शिवाय कंपनीचा मोबाइल-कार्यक्रम उद्या बंद पडला, तरी मालकाला आपले कुलूप चालवता येते. वीज व इंटरनेट यांचा भरवसा नसलेल्या गावी ही बाब लहान नाही. म्हणून खरेदीपूर्वी विचारावे : पद्धत जाहीर आहे का? इंटरनेटविना चालते का? बॅटरी संपल्यास दार कसे उघडायचे?

वर्गात हे करून पाहता येईल. एक विद्यार्थी कुलूप, दुसरा किल्ली. दोघांत एक गुप्त अंक ठरवा. कुलपाने कोणतीही संख्या सांगावी, किल्लीने तिला गुप्त अंकाने गुणून उत्तर द्यावे. तिसऱ्याने फक्त ऐकावे. तो भागाकार करून गुप्त अंक लगेच ओळखेल! मग विद्यार्थ्यांना विचारा : ऐकणाऱ्याला उलट करता येणार नाही, असे गणित कोणते?