संगणकाशी खेळताना काय मोजायचं, काय सोडायचं?



धाराशिव, तुळजापूर किंवा उमरग्यात बुद्धिबळ खेळणाऱ्याला बरोबरीचा खेळाडू रोज भेटेलच असं नाही. मोबाईलमधला संगणक मात्र रात्री बारा वाजताही तयार असतो. मग त्याला हरवायचं कसं, हा प्रश्न येतोच. त्यावर एक सल्ला ठरलेला आहे: त्याची कमजोरी शोधा, प्याद्यांनी पट बंद करून टाका, पाठ सुरुवातीतून त्याला बाहेर काढा. आज या सल्ल्याचीच चिकित्सा करू. पेट, नेट, सेटच्या तयारीत असलेल्यांनी तर जरूर वाचा, कारण वेळ थोडा आणि पर्याय अफाट ही आपलीसुद्धा अडचण आहे.

आधी मूळ शोधनिबंध पाहू. क्लॉड शॅनन याने १९५० मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये संगणकाला बुद्धिबळ कसं खेळवता येईल हे मांडलं. पटावरच्या स्थितीला गुण द्यायचे: वजीर ९, हत्ती ५, उंट आणि घोडा ३, प्यादं १. एकटं पडलेलं किंवा मागे राहिलेलं प्यादं असेल तर ०.५ वजा, आणि उपलब्ध असलेल्या प्रत्येक चालीसाठी ०.१ अधिक. यातले ०.५ आणि ०.१ हे आकडे आपला ढोबळ अंदाज आहेत, असं तो स्वतःच सांगतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पुढे तो दोन पद्धती सांगतो. ‘अ’ पद्धतीत ठरावीक खोलीपर्यंतच्या सगळ्या चाली तपासायच्या. ‘ब’ पद्धतीत निवडक चालीच, पण जास्त खोल तपासायच्या. दोन्ही बाजूंच्या तीन-तीन चाली धरल्या तर सुमारे १०० कोटी शक्यता होतात. एका शक्यतेला सेकंदाचा दहा लाखावा भाग लागला, तरी एका चालीला १६ मिनिटांहून जास्त वेळ जातो. म्हणून शॅननचा कल ‘ब’कडे होता.

इथे या निबंधाचं बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही दिसतात. निवड करावीच लागेल हे त्याने अचूक ओळखलं. पण चांगली निवड नेमकी कशी करायची, याचं त्याचं उत्तर मोजण्याच्या भागाइतकं पक्कं नाही. आणि यंत्रांनी मधल्या काळात बरीच मजल ‘अ’च्या जोरावर मारली. १९९७ मध्ये न्यूयॉर्कला गॅरी कास्पारोव्हला ३.५–२.५ असं हरवणारा ‘डीप ब्लू’ सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत होता.

त्या सामन्यात ठरलेल्या सल्ल्याचं काय झालं बघा. तिसऱ्या डावात कास्पारोव्हने पहिल्याच चालीला वजिरासमोरचं प्यादं एकच घर पुढे टाकलं. यंत्राला पाठ सुरुवातीतून बाहेर काढायचा हा प्रयत्न होता. डाव बरोबरीत सुटला. त्याआधी दुसऱ्या डावात त्याने हार मान्य केली होती, आणि लगेच झालेल्या विश्लेषणात तिथे सतत शह देऊन बरोबरीची वाट असल्याचं पुढे आलं. माझ्या वाचनाप्रमाणे तो पटापेक्षा प्रतिस्पर्ध्याला जास्त मोजत होता.

मग सल्ला चूकच का? तसंही नाही. २००३ मध्ये ‘फ्रिट्झ’विरुद्धच्या तिसऱ्या डावात याच कास्पारोव्हने पट बंद केला, यंत्र मोहरी उगाच इकडून तिकडे हलवत राहिलं आणि हरलं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका हौशी खेळाडूने ‘गो’ या खेळात ‘काटागो’ला १५ पैकी १४ डावांत हरवलं. यंत्राच्या सोंगट्यांना मोठं कडं करून हळूहळू वेढायचं आणि तोवर दुसऱ्या कोपऱ्यांत चाली करून त्याला गुंतवून ठेवायचं, अशी ती युक्ती. ती शोधली होती दुसऱ्या एका संगणक प्रोग्रॅमने. साध्या माणसाच्या मात्र तो वेढा सहज लक्षात आला असता.

सल्ल्याची उणीव इथेच आहे. युक्ती एका यंत्राच्या एका आवृत्तीपुरती चालते. नवी आवृत्ती आली की ती गेली, आणि खेळ मात्र तिथेच राहिला. डच मानसशास्त्रज्ञ डी ग्रूट याने १९४० च्या दशकात दाखवलं की अव्वल खेळाडू इतरांपेक्षा फार खोल बघत नाहीत, ते योग्य चाली बघतात. आपल्यालाही ‘ब’ पद्धतच परवडते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी समोरच्याचा धोका (शह, मारामारी, हल्ला), मग आपलं कोणतं मोहरं बिनआधार आहे ते, आणि मग स्वतःची योजना. डाव संपल्यावर संगणकाचा आकडा बघण्याआधी आपल्या चालीचं कारण एका ओळीत लिहा. आकडा ‘किती’ ते सांगेल, ‘का’ ते तुम्हालाच शोधावं लागेल.

आता आपल्याकडे या. सीएसआयआर नेटच्या रसायनशास्त्राच्या पेपरात १२० पैकी ७५ प्रश्नच सोडवायचे असतात, भाग ‘क’ मध्ये तर ६० पैकी २५. तिथे पर्याय गाळायच्या युक्त्या कामाला येतात, त्या शिकायलाच हव्यात. पण संशोधन समितीसमोर चार पर्याय नसतात. “हाच प्रश्न का निवडला?” एवढंच विचारतात, आणि दोन वर्षं फक्त युक्त्या घोटल्या असतील तर तिथे गप्प बसावं लागतं.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. वाचायच्या शोधनिबंधांची यादी काढा. वाचायला बसण्याआधी, त्यातला कोणता महत्त्वाचा हे कशावरून ठरवणार, त्याचे तीन निकष लिहा आणि प्रत्येकाला गुण द्या. जे गुण निव्वळ अंदाजाने दिलेत त्यांच्यापुढे शॅननसारखं स्पष्ट लिहा, ‘ढोबळ अंदाज’. महिन्याभराने तेच आकडे तपासा, आणि बदलावेसे वाटले तर का बदलले तेही लिहून ठेवा.