जनुकवाहक म्हणून पृष्ठक्रियाशील द्रव्ये : सिकलसेलच्या संदर्भात एक परीक्षण

रिठ्याला ज्यामुळे फेस येतो त्या सॅपोनिन जातीच्या द्रव्यांचा एक निराळा उपयोग वर्धा जिल्ह्यातील आरोग्यतपासणीत होत असतो. सिकलसेल हुडकून काढण्यासाठी आर्वी, कारंजा, समुद्रपूर इत्यादी तालुक्यांत जी विद्राव्यता-चाचणी करतात, तिच्या द्रावणात सॅपोनिन घातलेले असते. रक्ताचा थेंब त्यात पडताच तांबड्या पेशींची आवरणे फुटून हिमोग्लोबिन बाहेर येते. डायथायोनाइट त्यातील प्राणवायू काढून घेते. आणि सिकल हिमोग्लोबिन असल्यास ते विरघळेनासे होऊन नळी गढूळ होते. पाण्याशी आणि स्निग्ध पदार्थाशी सारखेच सख्य असलेला रेणू पेशीच्या मेदावरणात शिरतो व ते मोडतो, हा पृष्ठक्रियाशील द्रव्यांचा मूळ स्वभाव या साध्या चाचणीत उघड दिसतो. जनुकोपचारासाठी वाहक म्हणून गेली जवळजवळ चाळीस वर्षे ज्या द्रव्यांचा पुरस्कार होत आला आहे, ती याच कुळातील होत. त्यांचे मूल्यमापन या स्वभावापासून सुरू व्हावयास हवे. या विषयावरील संशोधनपर वाङ्मयात ते बहुधा तेथून सुरू होत नाही.

मूळ कल्पना आकर्षक आहे यात शंका नाही. डीएनएचा रेणू फॉस्फेट गटांमुळे ऋणभारित असतो, पेशीचे आवरणही बाहेरून ऋणभारितच. तेव्हा उघडा डीएनए पेशीपाशी गेला तरी आत शिरत नाही. धनभारित शीर्षाचे पृष्ठक्रियाशील द्रव्य मिसळले म्हणजे तो आवळला जाऊन त्याची सूक्ष्म गाठोडी बनतात. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत पानांतून डीएनए वेगळा करताना वापरले जाणारे सीटॅब हे असेच एक द्रव्य. परंतु एकाच शेपटीचे सीटॅब जिवंत पेशीला मारक ठरते. त्याच्याच जातीचे सेट्रिमाइड जखमा धुण्यासाठी जंतुनाशक म्हणून वापरले जाते, हे येथे विसरून चालणार नाही. १९८७ साली फेल्ग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन शेपट्यांचा डॉटमा हा धनभारित मेद वापरून ही अडचण बरीच ओलांडली. पुढे १९९१ साली मेंगर यांनी ज्यांना 'जेमिनी' हे नाव दिले, ती दोन शीर्षे व दोन शेपट्या दुव्याने जोडलेली द्रव्ये पुढे आली. अत्यल्प संहतीतही त्यांचे पुंज बनतात. रक्तात मिसळल्यावर होणाऱ्या विरलनाचा विचार करता हा गुण मोलाचा आहे.

येथपर्यंत कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो पुढील मांडणीवर. या विषयावरील प्रबंधांत दोन कोष्टके ठरलेली : एकात जनुकाच्या शिरकावाचे प्रमाण, दुसऱ्यात विषारीपणा. जणू हे दोन स्वतंत्र गुण असून रेणूच्या रचनेत थोडा फेरफार केला की एक वाढवावा व दुसरा घटवावा! वस्तुस्थिती अशी आहे की पेशीने गिळलेले गाठोडे ज्या अंतःपुटिकेत अडकते, तिचे आवरण मोडल्याखेरीज जनुक बाहेर पडूच शकत नाही. म्हणजे वहन आणि विध्वंस ही एकाच क्रियेची दोन नावे झाली. आवरण मोडावे की न मोडावे हा प्रश्नच उरत नाही. कोणते आवरण, कोठे आणि केव्हा मोडावे, एवढाच प्रश्न उरतो.

या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले ते आयननक्षम मेदांकडून. २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पॅटिसिरान या औषधातील मेद रक्ताच्या ७·४ या सामूस जवळजवळ भाररहित असतो व पुटिकेच्या आम्लतेत धनभारित होतो. मोडण्याची शक्ती योग्य जागी पोहोचेपर्यंत झाकून ठेवण्याची ही युक्ती आहे. उलट, जेमिनी द्रव्यांपैकी बहुसंख्यांचे शीर्ष चतुष्क अमोनियमचे, म्हणजे सदा धनभारित. दुव्यात अमाइन गट घालून सामूनुसार बदलणारी जेमिनी द्रव्येही तयार झाली आहेत, आणि या शाखेतील खरोखर विचारार्ह काम तेच होय. शेपटीतील कार्बन बारावरून सोळावर नेऊन केलेल्या प्रबंधांची रास मात्र अजून वाढतेच आहे.

आता सिकलसेलकडे वळावे. १९४९ साली पॉलिंग यांनी ज्याला रेणवीय रोग म्हटले, त्या या विकाराचे मूळ जनुकातील एकाच अक्षराच्या बदलात आहे. म्हणून जनुकोपचारावरील प्रस्तावनांत त्याचा उल्लेख हटकून येतो. परंतु अमेरिकेत २०२३ साली मान्य झालेल्या दोन्ही उपचारांत जनुकवाहक म्हणून पृष्ठक्रियाशील द्रव्याला स्थान नाही. मूलपेशी शरीराबाहेर काढून एकात विद्युत्स्पंदाने, तर दुसऱ्यात लेंटिविषाणूने काम साधले जाते. रुग्णाला त्यापूर्वी बुसल्फानची तीव्र मात्रा सोसावी लागते, आणि पहिल्याची तेथील किंमत २२ लाख डॉलर ठरविण्यात आली. सेवाग्रामच्या रुग्णालयात वेदनेने तळमळत येणाऱ्या शेतमजुराच्या मुलाला तूर्त आधार आहे तो हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीचा. स्वस्त, विषाणुरहित आणि थेट शिरेतून देता येणाऱ्या वाहकाची गरज कोठे असेल तर ती येथे आहे.

ही गरज हेला पेशींवरील यशाने भागत नाही. हेला पेशी सतत विभागत असल्याने त्यांचे केंद्रकावरण वेळोवेळी विरते व डीएनएला वाट मिळते. मज्जेतील मूलपेशी बहुतांशी सुप्त असतात. त्यांच्या केंद्रकात डीएनए पोहोचविणे दुष्कर. पेशीद्रवातच काम भागणारा संदेशवाहक आरएनए या दृष्टीने अधिक सोयीचा. २०२३ साली पेनसिल्व्हेनियातील संशोधकांनी मूलपेशी ओळखणारे प्रतिपिंड मेदकणांना जोडून उंदरांच्या मज्जेपर्यंत असा आरएनए पोहोचविला, ही या क्षेत्रातील दिशादर्शक घटना होय. पुण्यात तयार झालेल्या व २०२२ साली आणीबाणीच्या वापरासाठी मान्य झालेल्या जेमकोव्हॅक लसीतही आरएनए धनभारित तैलबिंदूंच्या पृष्ठावर बसविलेला आहे, आणि तिला साध्या शीतपेटीचे २ ते ८ अंश तापमान पुरते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या जिल्ह्यात याचे मोल वेगळे सांगावयास नको. अर्थात दंडात टोचावयाची लस आणि मज्जेपर्यंत पोहोचवावयाचा उपचार यांत फार मोठे अंतर आहे.

विषारीपणाच्या परीक्षेतही अशीच उणीव राहते. रक्तविलयनाची चाचणी केली जाते ती सामान्यतः निरोगी रक्तावर. सिकल पेशीचे आवरण वारंवार वाकून-उलगडून आधीच जर्जर झालेले असते. निरोगी पेशीने सोसलेली मात्रा ती सोसेलच असे गृहीत धरता येत नाही. मुक्त झालेले हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे या रुग्णाला थोडे विलयनही महाग पडते. यासाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. रुग्णाच्या संमतीने घेतलेले रक्त, ३७ अंशांचे जलतापक आणि ५४० नॅनोमीटरवर मोजणारा वर्णमापक एवढ्यावर विदर्भातील कोणत्याही रसायनशास्त्र विभागाला, सेवाग्रामसारख्या वैद्यकीय संस्थेच्या सहकार्याने, ही चाचणी करता येईल. ती रक्तद्रवासह व रक्तद्रवाविना अशी दोन्ही प्रकारे व्हावी, कारण रक्तद्रवातील अल्ब्युमिन धनभारित गाठोड्यांना चिकटून त्यांचे वर्तन पालटते. नमुना मात्र नजीकच्या काळात रक्त न चढविलेल्या रुग्णाचा असावा. अन्यथा दात्याच्या पेशी त्यात मिसळलेल्या राहतील आणि मोजमाप निरोगी रक्ताकडेच झुकेल.