बूजम: अर्ध्यावर तुटणारा शब्द

लुइस कॅरलची ‘द हंटिंग ऑफ द स्नार्क’ ही दीर्घकविता १८७६ साली प्रसिद्ध झाली. दहा जणांचं टोळकं कोरा नकाशा घेऊन समुद्रापार स्नार्क नावाच्या प्राण्याच्या शिकारीला निघतं, एवढीच तिची गोष्ट. स्नार्क एरवी निरुपद्रवी. पण काही स्नार्क बूजम निघतात, आणि बूजम ज्याला भेटतो तो माणूस अलगद नाहीसा होतो.

हा शब्द कॅरलला आपसूक मिळाला. १८७४ च्या जुलैमध्ये गिल्डफर्डजवळच्या टेकडीवर एकटा फिरत असताना त्याला एक ओळ सुचली. तिचा अर्थ त्यालाही कळत नव्हता. तीच पुढे कवितेची शेवटची ओळ झाली. बूजम हा शब्द त्याच ओळीतला. शेवट आधी हाती आला आणि तिथवर पोचण्यासाठी सगळी कविता मागाहून रचली गेली.

कवितेत हा शब्द कसा वावरतो ते पाहण्यासारखं आहे. शिकारी टोळीचा म्होरक्या बेलमन. त्याच्या हाताखाली बेकर, बुचर, बँकर, बॅरिस्टर, ब्रोकर आणि एक बीव्हरसुद्धा. साऱ्यांची नावं ‘ब’ची. ज्याची धास्ती घ्यायची त्या बूजमचं नावही ‘ब’चंच! संकट जणू हजेरीपटावर आधीपासून आहे. त्यात बेकर स्वतःचं नाव विसरलेला. नाव रंगवलेल्या त्याच्या बेचाळीस पेट्या किनाऱ्यावरच राहिल्या आहेत. नाहीसा होण्याची अर्धी वाट तो जहाजावर चढण्यापूर्वीच चालून आला आहे.

बेलमन स्नार्कच्या पाच खुणा समजावून देतो आणि जाता जाता बूजमचा उल्लेख करतो. त्याच क्षणी बेकर बेशुद्ध पडतो आणि वाक्य तिथेच तुटतं. शेवटच्या सर्गात बेकर कड्यावरून दरीत झेपावतो. खालून आरोळी येते, पण तिच्यात बूजमचं पहिलंच अक्षर, ‘बू’, ऐकू येतं आणि पुढे शांतता. उरलेलं ‘जम’ काहींना हवेत विरत गेल्यासारखं वाटतं. बाकीचे म्हणतात, छे, वारा होता तो. एका शब्दाचे दोन तुकडे: एक माणसाच्या तोंडचा, दुसरा कदाचित वाऱ्याचा. निवेदक शेवटच्या ओळीत तो अख्खा उच्चारतो, तोवर बेकर उरलेला नसतो. शब्दाच्या उच्चारातच मरण घडवून दाखवणं मला या कवितेतलं सर्वांत थोर कसब वाटतं.

चित्रकार हेन्री हॉलिडेने बूजमचंही चित्र काढलं होतं. कॅरलने ते नाकारलं. बूजम कल्पनेच्या पलीकडेच राहायला हवा होता. म्हणून या शब्दाला रूप नाही, रंग नाही, आहे ती फक्त एक करणी. पुढच्या लोकांनी तो उचलला तेव्हा ही करणी कुणी ओळखली, यावर मी त्यांचं वाचन जोखतो.

१९२२ मध्ये गॉडफ्री साइक्सने मेक्सिकोतल्या एका विचित्र झाडाला हे नाव दिलं. उलटं रोवलेलं गाजर दिसावं तसं ते झाड. स्पॅनिशमध्ये त्याला सिरिओ, म्हणजे मेणबत्ती, म्हणतात. न पाहिलेलं काही समोर आल्याचा आनंद या नामकरणात आहे आणि तो खरा आहे. पण झाड जागच्या जागी उभं राहतं, कुणाला नाहीसं करत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत स्नार्क आणि बूजम या नावांची क्षेपणास्त्रं आखली गेली. बूजम कागदावरच राहिलं. तिथे शब्दातली दहशत तेवढी घेतली, अलगदपणा सुटला.

या शब्दाचा खरा रसिक वाचक मला डेव्हिड मर्मिन वाटतो. कॉर्नेल विद्यापीठातला हा भौतिकशास्त्रज्ञ. त्याच विद्यापीठात १९७२ मध्ये अतिप्रवाही हेलियम-३ चा शोध लागला होता. निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ हा द्रव घर्षणाविना वाहतो. त्याच्या एका अवस्थेत प्रत्येक जागेला स्वतःची एक दिशा असते. गोल भांड्यात या दिशांची सममित रचना कागदावर मांडता येते, पण ती टिकत नाही. रचनेच्या मधोमध होणारा दिशांचा गुंता भिंतीकडे सरकतो, पृष्ठभागावरच्या एका बिंदूत जाऊन बसतो आणि ती देखणी रचना नाहीशी होते. १९७६ मध्ये मर्मिनने या बिंदूला बूजम म्हटलं. हा बिंदू पृष्ठभागावर फिरू लागला की अखंड वाहायला हवा तो प्रवाहही विरू शकतो. कवितेतली करणी जशीच्या तशी! हा शब्द संशोधनपत्रिकांत टिकावा म्हणून त्याने चिकाटीने पाठपुरावा केला आणि १९८१ मध्ये त्याची हकिकतही लिहिली.

आज द्रवस्फटिकांच्या अभ्यासातही हा शब्द रुळला आहे. काही थेंबांमध्ये समोरासमोरच्या दोन ध्रुवांवर दोन बूजम असतात आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली दाखवता येतात. दिसते ती भोवतालच्या दिशांची ठेवण. नेमक्या त्या बिंदूवर मात्र कोणतीच दिशा ठरवता येत नाही.