‘ध’चा ‘मा’ : पुराव्याच्या कसोटीवर

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आनंदीबाईंनी हुकमातील ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, ही कथा ग्रँट डफने १८२६ मध्ये, म्हणजे ५३ वर्षांनी, छापली. रहस्यकथा म्हणून ती आम्हांस बिनतोड वाटते; पुरावा म्हणून लंगडी. मोडीत अक्षरे सलग, एकमेकांना जोडून लिहितात. ‘ध’च्या जागी काना धरून ‘मा’ कोंबला, तर खाडाखोडीची खूण राहण्याचा संभव मोठा. पण ती तपासायला तो कागदच समोर नाही. एका स्त्रीवरचा ठपका तेवढा पक्का! धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुने मोडी कागद आहेत. जळगाव-धुळ्याच्या शिक्षकांनी तेथे विद्यार्थ्यांना मोडीतला ‘ध’ दाखवावा आणि बोरूने त्याचा ‘मा’ करायला सांगावे, अर्थात स्वतःच्या वहीत.