पाच गळे आणि एक गाणं

दिवाळी झाली की आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या रात्री जाग्या होतात. गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, आमच्या या झाडीपट्टी भागाचं नाटक पहाटेपर्यंत चालतं, आणि एखाद्या गावात मंडपाखाली खंजेरी भजनाची स्पर्धा लागलेली असते. या स्पर्धेतल्या महिला गटांसाठी मी रात्र जागवते. एकाच रंगाच्या, एकाच काठाच्या साड्या नेसून दहाबारा जणी येतात. हार्मोनियमवर एक, मध्ये खंजेरी घेतलेली मुख्य गायिका, मागे टाळ आणि कोरस. दिवसा धानाच्या बांधीत राबलेल्या या बाया माइकसमोर बसल्या की त्यांच्या पाठीचा कणा वेगळाच ताठ होतो. गाणं सुरू होण्याआधी त्या एकमेकींकडे बघतात. त्या बघण्यात मला या कलेचं सगळं आकर्षण दिसतं.

हे बघणं मी पहिल्यांदा ओळखलं ते केबलवर. नव्वदच्या दशकात आमच्या घरी केबल आली आणि स्पाइस गर्ल्स नावाच्या पाच इंग्रज मुली दिवाणखान्यात नाचू लागल्या. शब्द कळत नव्हते. पण एक जण प्रश्नासारखं काही म्हणते आणि दुसरी तिचं वाक्य झेलून उत्तर देते, एवढं कळत होतं. 'वॉनाबी' हे त्यांचं पहिलं गाणं १९९६ च्या जुलैत आलं आणि ब्रिटनमध्ये सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. प्रियकराला मैत्रिणींशी जुळवून घ्यावं लागेल, हा त्या गाण्याचा विषय. तोवर पॉप गाण्यातली मुलगी बहुतेक वेळा एकटीच असायची. कोणाची तरी वाट बघणारी, नाहीतर कोणीतरी सोडून गेलेली. इथे पाच जणी होत्या आणि त्यांना एकमेकी पुरत होत्या. घराघरांतल्या मुलींनी त्यांच्यातली आपापली एक निवडली. आम्हीही निवडली होती. माझ्या मैत्रिणीची खेळाडू, माझी ती लाल केसांची.

या मुलींना एकत्र आणलं ते वर्तमानपत्रातल्या जाहिरातीने, १९९४ साली, आणि त्यांची टोपणनावं एका मासिकाने ठेवली. यावरून त्यांना कृत्रिम म्हणणारे समीक्षक तेव्हाही होते, आजही आहेत. मला हा आक्षेप लंगडा वाटतो. नाटक कंपनीसुद्धा कोणीतरी जमवलेलीच असते. जमवल्यानंतर त्या माणसांमध्ये काही घडतं का, हा खरा प्रश्न.

ब्रिटनमध्ये ते घडत राहिलं, कारण तिथे गटासाठी गाणं रचण्याचा विचार सतत झाला. ऐंशीच्या दशकातल्या बनानारामा या तिघी बहुतेक एकाच सुरात गायच्या. कोणी वर नाही, कोणी खाली नाही. आपल्या भजनातला कोरस असतो तसं. त्यामुळे त्यांचं गाणं रस्त्याने जाणाऱ्या तीन मैत्रिणींसारखं लागतं, आणि तिघींतल्या दोघी खरोखरच बालमैत्रिणी होत्या. शुगाबेब्ज या दुसऱ्या तिघींनी उलटी वाट धरली. २००० साली 'ओव्हरलोड' आलं तेव्हा त्या शाळकरी वयाच्या होत्या, पण तिघींचे आवाज तीन थरांत बसवलेले होते आणि प्रत्येक थर वेगळा ऐकू यायचा. पुढे एकेक करून तिघीही गेल्या, २००९ मध्ये मूळच्यांपैकी कोणीच उरली नाही, तरी नाव चालू राहिलं. नाव तेच, माणसं निराळी, आणि गाण्यातलं मर्म गेलेलं. पुढे त्या मूळच्या तिघींनी आपलं नाव परत मिळवलं आणि पुन्हा एकत्र गाऊ लागल्या. आवाज बदलता येतो, आवाजांमधलं नातं बदलून आणता येत नाही, याचा एवढा स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

आता आपल्याकडची गोष्ट. 'पॉपस्टार्स' हा दूरचित्रवाणी स्पर्धेचा साचा मूळचा न्यूझीलंडचा. २००२ मध्ये याच साच्यातून दोन देशांत मुलींचे दोन गट निघाले. भारतात चॅनल व्हीवर 'व्हिवा': अनुष्का मनचंदा, महुआ कामत, नेहा भसीन, प्रतिची महापात्र आणि सीमा रामचंदानी. ब्रिटनमध्ये 'गर्ल्स अलाउड'. दोन्हीकडे पाच मुली, दोन्हीकडे हजारोंतून निवड, दोन्हीकडे आधीच ओळखीचे झालेले चेहरे. गर्ल्स अलाउडचं पहिलं गाणं त्या वर्षीच्या नाताळात पहिल्या क्रमांकावर गेलं आणि पुढे त्यांची सलग २० गाणी पहिल्या दहांत आली. व्हिवाचे दोन अल्बम आले, एक सदस्य लवकर बाहेर पडली, आणि काही वर्षांत गट विरला.

का? बाजार लहान होता, चित्रपटसंगीत सगळं गिळून टाकत होतं, खाजगी अल्बमांचे दिवस सरत आले होते. ही कारणं खरी आहेत. पण मी दोन्ही गटांची गाणी पुन्हा ऐकली तेव्हा आणखी एक गोष्ट कानाला लागली. व्हिवाची बरीच गाणी कोणतीही एक चांगली गायिका एकटीने गाऊ शकली असती. ओळी वाटून दिल्या होत्या, एवढंच. गर्ल्स अलाउडमागे झेनोमेनिया नावाचं गाणी रचणाऱ्यांचं पथक होतं. ते वेगवेगळ्या चालींचे तुकडे जोडून गाणं बांधत. त्यांचं 'बायॉलॉजी' हे २००५ चं गाणं ऐकावं: एक चाल संपते, दुसरी सुरू होते, मग तिसरी, आणि ध्रुवपद यायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. प्रत्येक वळणावर नवा गळा पुढे येतो. ते गाणं एकटीला पेलायचंच नाही. पाच जणी हव्यात म्हणून ते तसं बांधलेलं आहे. व्हिवातल्या मुलींत कमतरता नव्हती. नेहा भसीन आणि अनुष्का मनचंदा पुढे एकेकट्या किती चांगल्या गायल्या ते आपण ऐकलंय. त्यांच्या वाट्याला त्यांच्यासाठी रचलेलं गाणं आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

ब्रिटनमधली आजची स्थिती मात्र पूर्वीसारखी भरभराटीची नाही. २०११ मध्ये स्पर्धेतूनच जुळलेल्या लिटल मिक्सनी २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट ब्रिटिश गटाचा ब्रिट पुरस्कार घेतला. तो मिळवणारा मुलींचा हा पहिला गट. स्पाइस गर्ल्सना येऊन पाव शतक झाल्यावर तो मिळाला, हे लक्षात ठेवावं. लिटल मिक्समधल्या दोघी साउथ शील्ड्स या किनाऱ्यावरच्या छोट्या गावच्या, आणि बोलण्यातला गावचा हेल त्यांनी सोडला नाही. आमच्या तिरोडा किंवा आमगावच्या मुलीला त्यांचे शब्द कळोत न कळोत, तो हेल न सोडणं तिला कळेल. २०२२ मध्ये त्या थांबल्या. आता 'फ्लो' या तिघी आहेत, बारकाईने बसवलेल्या सुरांच्या, आणि मला त्यांच्याकडून फार आशा आहे.

मराठीत बायकांनी गटाने गाण्याच्या या कलेची अवस्था काय? गट नाहीत असं म्हणणं चूक आहे. मुंबई, पुणे, ठाण्याकडे मंगळागौरीचे खेळ करणारे महिलांचे गट श्रावणात दिवसाला दोनदोन कार्यक्रम घेतात. २०२३ मध्ये आलेल्या केदार शिंदे यांच्या 'बाईपण भारी देवा'त सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठीच एकत्र येतात, आणि बायकांनी त्या चित्रपटाला चित्रपटगृहांत जी गर्दी केली ती अजून सगळ्यांना आठवत असेल. लावणीच्या संगीत बारीत तर बायकांचा फड पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. भूषण कोरगावकर यांचं 'संगीत बारी' हे पुस्तक वाचलं की कळतं, त्या एकमेकींचा आवाज आणि अदा किती बारीक सांभाळतात. पण प्रसिद्धी मिळते ती एका नावाला. बाकीच्या 'साथीला'.

आमच्या झाडीपट्टीत एकेकाळी दंडार या लोकनाट्यातली बाईसुद्धा पुरुषच व्हायचा. आता रंगमंचावर बाया आहेत, त्यांच्या नावावर नाटकाची तिकिटं खपतात. पण नाटकातलं गाणं एकटीचं असतं, नाहीतर तिचं आणि नायकाचं. चार मैत्रिणींचं गाणं मी क्वचितच ऐकलंय. हे मला खटकतं, कारण झाडीपट्टीकडे पुण्या-मुंबईकडे नाही ते आहे: दर हंगामात नवी नाटकं लिहिणारे लेखक, मंचासमोर बसलेले वादक, आणि रात्रभर जागणारे प्रेक्षक. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीकडे साऱ्या महाराष्ट्राचं लक्ष गेलं. नवं गाणं रचून ते त्याच आठवड्यात लोकांसमोर आणायची सोय आज मराठीत आणखी कुठे आहे?

आणि आवाज कुठून आणायचे हा प्रश्न तर आमच्याकडे पडूच नये. आषाढात पऱ्हे उपटून रोवणी सुरू झाली की बांधीत वाकलेल्या बायांची रांग गात असते. एक ओळ सोडते, बाकीच्या ती उचलतात, चिखलातले हात त्याच लयीत चालतात. सालेकसा तालुक्यात कचारगडला माघ पौर्णिमेच्या यात्रेत गोंड मुली हातात हात गुंफून रेला गातात, नाचतात. शेजारी छत्तीसगडमध्ये दिवाळीच्या दिवसांत बायका टोपलीतल्या मातीच्या पोपटाभोवती फेर धरून सुआ गातात. आता रोवणीलाही यंत्र आलंय, रांग लहान झालीय, आणि मोबाइलवर गाणं लावून काम करणाऱ्या बायाही मी बघितल्यात. त्यांना मी बोल लावणार नाही. वाकून वाकून कंबर मोडते तेव्हा गायला दम लागतो.

गेल्या हिवाळ्यातल्या एका भजन स्पर्धेत आमगाव तालुक्यातला एक गट होता. भजन तुकडोजी महाराजांचंच, चाल ठरलेली. मुख्य गायिका दुसऱ्या कडव्याला खोकल्याने थांबली. क्षणभर फक्त खंजेरी वाजत राहिली. मग कोरसच्या कडेला बसलेल्या दोन मुलींनी, बहुधा कॉलेजात जाणाऱ्या असाव्यात, ती ओळ उचलली. एकीने मूळ चालीत, दुसरीने जराशी वरून. शिकवलेलं नसणार ते. मुख्य गायिकेने पाण्याचा घोट घेतला, त्यांच्याकडे वळून बघितलं, आणि आपली ओळ परत घेतली नाही. कडवं संपेपर्यंत ती मांडीवर ताल धरून ऐकत राहिली. परीक्षकांनी त्याबद्दल गुण कापले की दिले, ते मला कळलं नाही. मंडपातल्या बायांनी मात्र टाळ्या त्याच कडव्याला वाजवल्या.