‘नैसर्गिक मृत्यू’ नावाची पळवाट

कतारच्या विश्वचषकाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: नेमके किती मजूर मेले? ‘द गार्डियन’ने २०२१ साली छापलं की भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतले ६,५०० हून अधिक लोक दहा वर्षांत तिथे दगावले. आयोजक म्हणाले, स्टेडियमच्या कामामुळे झालेले मृत्यू ३. आणखी ३७ झाले, पण त्यांचा कामाशी संबंध नाही.

मला विचाराल तर आपण या आकड्यांच्या भांडणात उगाच अडकलो. ६,५०० मध्ये ड्रायव्हर, कारकून, घरगडी सगळेच येतात, हा कतारचा आक्षेप बरोबरच आहे. पण ३ हा आकडा येतो कसा, ते बघा.

तिशीतला धडधाकट माणूस. मेडिकल पास होऊन गेलेला. दिवसभर उन्हात राबतो आणि रात्री झोपेतच जातो. दाखल्यावर लिहितात ‘नैसर्गिक कारण’, नाहीतर ‘हृदयक्रिया बंद पडणे’. आता हृदय बंद न पडता कोण मरतं हो? ते कशामुळे बंद पडलं, हे शोधायला शवविच्छेदन लागतं, आणि ते क्वचितच होतं. तिथल्या कायद्याने मालकाकडून भरपाई मिळते ती कामामुळे आलेल्या मृत्यूची. म्हणजे तो एक शब्द लिहिला की मालक सुटला. घरी शवपेटी येते, एजंटसाठी काढलेलं कर्ज तसंच राहतं.

सुधारणा झाल्या, हेही सांगायला हवं. मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येत नव्हती, ती कफालातली अट २०२० मध्ये काढली. किमान वेतन १,००० रियाल ठरलं. उन्हाळ्यातली दुपारची कामबंदी २०२१ पासून सकाळी दहा ते साडेतीन अशी वाढवली. पण उन्हाने माणूस मरतो हे पटल्याशिवाय असा नियम कोण करेल? मग आधीच्या उन्हाळ्यांतले ‘नैसर्गिक’ मृत्यू पुन्हा का तपासले नाहीत?

बक्षिसांइतकीच रक्कम, म्हणजे ४४ कोटी डॉलर, मजुरांसाठी काढा अशी मागणी फिफाकडे झाली होती. २०२४ मध्ये फिफाने ५ कोटींचा निधी जाहीर केला. त्यात मृतांच्या घरच्यांना थेट भरपाई नाही! त्याच वर्षी डिसेंबरात २०३४ ची स्पर्धा सौदी अरेबियाला दिली. दुसरा दावेदारच नव्हता. तिथे मजूर जाऊ लागलेत. प्रत्येक अचानक मृत्यूची चौकशी झालीच पाहिजे, ही अट मजूर पाठवणाऱ्या सरकारांनी घालायची तर ती आत्ताच, स्टेडियमचे खांब उभे राहण्याआधी.