निवांतपणाचं भाडं

लाओसला गेलेल्या प्रत्येक बॅकपॅकरच्या कानावर एक विनोद पडतोच. देशाच्या अधिकृत नावात ‘पीडीआर’ ही अक्षरं आहेत, त्यांचा अर्थ म्हणे ‘प्लीज डोन्ट रश’. खरा अर्थ पीपल्स डेमोक्रॅटिक रिपब्लिक. डिसेंबर १९७५मध्ये राजेशाही संपली, कम्युनिस्ट पक्षाची सत्ता आली आणि तेव्हापासून हे नाव आहे. विनोद बरा आहे. अडचण एवढीच, की मराठीतलं लुआंग प्राबांगवरचं बहुतेक लेखन याच विनोदाचा विस्तार असतं.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे एकट्याने फिरणाऱ्यांचं लेखन चांगलंच वाढलं आहे: ब्लॉग, इन्स्टाच्या लांबलचक कॅप्शन, दिवाळी अंकातले लेख. मी ते आवडीने वाचते. लुआंग प्राबांगचा लेख मात्र आता न वाचता सांगता येतो. पहिला दिवस: थायलंडच्या सीमेवरून स्लो बोट, वाटेत पाकबेंगला मुक्काम. दुसरा: पहाटे भिक्खूंची रांग, संध्याकाळी फू सी टेकडीवरून सूर्यास्त. तिसरा: क्वांग सीचा निळा धबधबा. चौथा: झोपाळा, बिअरलाओ, आणि ‘इथे वेळ थांबला आहे’.

वेळ थांबला आहे, हे वाक्य मला खटकतं. ते खोटं आहे म्हणून तर खटकतंच, पण त्याहून जास्त ते आळशी आहे म्हणून. मेकाँग आणि नाम खान या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर हे जुनं गाव वसलंय. १९९५ साली युनेस्कोच्या यादीत आल्यावर तिथे काय बांधायचं, किती उंच, कोणत्या छपराचं, याचे नियम आले. जड वाहनांना जुन्या भागात मज्जाव आहे. हळूहळू बरीच घरं गेस्टहाऊस झाली आणि त्यांतली कुटुंबं भाडं घेऊन बाहेर राहायला गेली. म्हणजे आपल्याला जी शांतता भेटते ती नियमांनी, भाडेकरारांनी आणि स्थलांतराने तयार झालेली आहे. डिसेंबर २०२१पासून चीनहून येणारी रेल्वेही गावाला भिडली. पूर्वी व्हिएन्टिनहून डोंगरातल्या रस्त्याने अख्खा दिवस जायचा, आता साधारण दोन तास लागतात. बॅकपॅकर येताना दोन दिवसांची बोट घेतो, जाताना ही ट्रेन घेतो, आणि लेखात फक्त बोट येते.

भिक्खूंच्या रांगेचं घ्या. या लेखांमधला हा सगळ्यात भावुक परिच्छेद. भगवी वस्त्रं, अनवाणी पावलं, धुकं, हातातल्या वेताच्या टोपलीतला चिकट भात. मग ‘मन भरून आलं’. फलक लावलेले असतात: अंतर ठेवा, फ्लॅश वापरू नका, शांत राहा. तरी रांगेच्या तोंडाशी मोबाइल घेऊन उभे असलेले लोक असतातच, आणि त्यांची तक्रार पुढचा लेखक करतो, जणू तो स्वतः हवेतून तरंगत तिथे आला होता. ही तक्रारसुद्धा आता साच्याचाच भाग झाली आहे.

पण मला आश्चर्य वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. त्या रांगेतली अनेक मुलं गरीब खेड्यांतून शिकायला आलेली असतात. विहारात राहायचं, सकाळी भिक्षा, मग शाळा. ही गोष्ट परकी वाटायला आपण कोण? वारावर जेवून आणि माधुकरी मागून शिकलेल्या माणसांची आत्मचरित्रं वाचत मराठी वाचक मोठा झाला आहे. परक्या दारात उभं राहणं, कुणाच्या घरी काय मिळेल याचा अंदाज, त्यातली लाज, त्यातला हक्क, हे सगळं आपल्या भाषेत आहे. इंग्रजी ब्लॉगरला ती रांग ‘मिस्टिक’ दिसली तर समजू शकतं. मराठी लेखकाला त्यात एक तेरा-चौदा वर्षांचा विद्यार्थी दिसू नये?

आपल्या प्रवासवर्णनाचा एक जुना धागा इथे आठवतो. गोडसे भटजी १८५७च्या सुमारास उत्तरेत गेले ते दक्षिणेच्या आशेने. घरची ओढगस्त होती आणि मथुरेला यज्ञ होणार असं कळलं होतं. ‘माझा प्रवास’ हे लपवत नाही. पैशाची काळजी पुस्तकभर सोबत असते. आजचा बॅकपॅकरही पैशाबद्दल लिहितो, पण उलट्या बाजूने: हॉस्टेल इतक्याला, नूडल्स इतक्याला, दिवस इतक्यात भागला. स्वस्त का आहे, हे नाही. २०२२पासून लाओसचं चलन, किप, जोरात घसरलं. तिथल्या माणसाला महागाईने घेरलं, आणि आपल्या खिशातल्या नोटा फुगल्या. बजेटच्या तक्त्यात ही एक ओळ बसायला हवी होती.

दुसरं पुस्तक ‘पूर्वरंग’, १९६३चं. पु. ल. आग्नेय आशियात आणि जपानात फिरतात तेव्हा सोबत सुनीताबाई असतात. एकट्याच्या लेखनात ही दुसरी नजर नसते. ‘तसं नाही रे’ म्हणणारं कोणी नसतं. म्हणून एकट्याने लिहिणाऱ्याने ती नजर दुसरीकडून आणायला हवी: नावाड्याकडून, गेस्टहाऊसच्या मावशींकडून, निदान संग्रहालयातल्या पाटीवरून.

पाटीवरून म्हणते, कारण गावात न फुटलेल्या बॉम्बची माहिती देणारं एक छोटं केंद्र आहे, आणि साच्यातल्या लेखांत मला ते क्वचितच भेटतं. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. क्लस्टर बॉम्बमधले छोटे गोळे सुमारे २७ कोटी. त्यांतले अंदाजे ३० टक्के फुटलेच नाहीत. ते अजून शेतात आहेत. गंमत अशी, की हा इतिहास त्याच लेखांमध्ये येऊन गेलेला असतो, फक्त खरेदीच्या परिच्छेदात. रात्रीच्या बाजारात ॲल्युमिनियमचे चमचे आणि कडी मिळतात. शिएंग खुआंग प्रांतातले कारागीर युद्धातलं भंगार वितळवून ती करतात. ‘क्यूट सुव्हेनिर’ म्हणून त्यांचे फोटो पाहिलेत मी.

एवढं सगळं म्हणूनही हे लेखन टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही, आणि याचं कारण बायकांनी लिहिलेले लेख. त्यांतही साचा तोच असतो, पण ‘निवांत’ या शब्दाचा अर्थ बदलतो. रात्री नऊला नदीकाठच्या रस्त्याने एकटीने चालत खोलीवर येणं, टपरीवर एकटीने बसून जेवणं, कोणी ‘कुठल्या? सोबत कोण?’ न विचारणं. मी चार दिवस तिथे होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की सकाळपासून मी एकदाही ओढणी सारखी केलेली नाही. हा अनुभव मराठीत नोंदवला जाणं मला महत्त्वाचं वाटतं. त्याला झोपाळ्याच्या फोटोची गरज नाही. उलट, जिला हा निवांतपणा घरी मिळत नाही तिलाच तो इथे कोणाच्या श्रमावर उभा आहे हे विचारायचा जास्त हक्क आहे, कारण कोणाच्या तरी निवांतपणासाठी राबणं म्हणजे काय ते ती घरी पाहत आलेली असते.

मला वाचायचा आहे तो लेख छोट्या गोष्टीवरचा असेल. उदाहरणार्थ, काइपेन. प्रत्येक बॅकपॅकर बिअरसोबत ते खातो: नदीतलं शेवाळ, तीळ लावून उन्हात वाळवलेलं, पापडासारखं तळलेलं. वरच्या लेखांमध्ये त्याला ‘हटके चखणा’ अशी दोन शब्दांची जागा मिळते. हे शेवाळ कोरड्या ऋतूत, पाणी उतरून नितळ झालं की दगडांवर धरतं. बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून ते काढतात, धुतात, चौकटीवर पातळ पसरतात. नदी पावसाच्या तालावर चढते-उतरते तोवर हे चालतं. खालच्या बाजूला सायाबुरीचं धरण २०१९पासून चालू आहे. गावाच्या वरच्या अंगाला दुसरं मोठं धरण बांधायला घेतलं आहे. पाणी कधी चढेल, कधी उतरेल, हे आता दारं उघडणाऱ्यांच्याही हातात आहे. त्या बायकांना या हंगामात किती दिवस पाण्यात उतरता आलं, हे विचारायला एक दुपार पुरे. भाषा येत नसेल तर गेस्टहाऊसच्या मावशींना सोबत न्यावं. शेवाळ कोणाकडून घ्यायचं ते त्यांना माहीत असतं.